सीटी किती आली?

देवास गेटच्या बसस्थानकापासून उज्जैनचं रेल्वेस्टेशन हाकेच्या अंतरावर. इथल्या हिंदीत 'सीटी' म्हणजे शिट्टी, गाडीची नाहीतर कुकरची. कोरोनाच्या दिवसांत या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. 'सीटी किती आली?' असं माणसं फोनवर विचारू लागली आणि २० ऐकलं की हबकू लागली.

हा आकडा देणाऱ्या पीसीआर यंत्राचं काम ऐकायला अगदीच साधं: तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं. चिमुकल्या नळीतल्या डीएनएचे दोन पदर ९५ अंशांना सुटतात. ५५-६० अंशांवर आणलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे हव्या त्या भागाच्या दोन्ही टोकांना चिकटतात आणि ७२ अंशांना पॉलिमरेज हे विकर तिथून जोडीचा पदर विणत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार. तिसाव्या फेरीअखेर शंभर कोटींवर. अमेरिकेतल्या कॅरी मलिसला ही युक्ती १९८३ साली रात्री गाडी चालवताना सुचली, १९९३ साली तिच्यासाठी त्याला नोबेल मिळालं.

माझ्या लेखी खरा मान मात्र एका जिवाणूचा. आधीचं विकर दर तापवणीला निकामी व्हायचं, प्रत्येक फेरीला नवं घालावं लागायचं. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉकला सापडलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकसचं विकर ९५ अंशांतही तगतं.

कोरोनाचा विषाणू आरएनएचा, त्यामुळे आधी त्याची डीएनए प्रत काढावी लागते. आरटी-पीसीआरमधलं 'आरटी' ते हेच. पुण्याच्या मायलॅबच्या किटला २३ मार्च २०२० रोजी मान्यता मिळाली. ते घडवणाऱ्या मीनल दाखवे-भोसले यांनी १८ मार्चला किट राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे सोपवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली!

प्रती वाढतात तशी नळीतली चमक वाढते. ती ठरावीक रेषा ओलांडते त्या फेरीचा क्रमांक म्हणजे सीटी. आकडा लहान तितका विषाणू जास्त. २० आणि ३० मध्ये साधारण हजारपटीचा फरक. अर्थात घशात काडी नीट फिरली नाही तरी आकडा चढतोच, म्हणून त्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नका, असं आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद बजावत होती.

या यंत्राला आपलं-परकं कळत नाही. कालच्या प्रतींचा उडालेला अदृश्य थेंबही ते तितक्याच इमानाने वाढवतं. म्हणून मिश्रण एका खोलीत, नमुना दुसऱ्या, यंत्र तिसऱ्या. शिवाय एका नळीत नमुन्याऐवजी मुद्दाम नुसतं पाणी. त्या पाण्याने सीटी दिली, की सगळी खेप पुन्हा पहिल्यापासून.