डॉक्टर पास होतो म्हणजे काय?

शिरूरहून चौफुल्याकडे निघालं की वाटेत न्हावरे लागतं. घोडगंगा साखर कारखान्यामुळे ओळखलं जाणारं हे गाव. भोवती सगळा ऊस. तोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून मजुरांच्या टोळ्या येतात आणि फडातल्या पाचटात कधी कधी घोणस दबा धरून असते. ती चावली की माणसाला जवळच्या सरकारी दवाखान्यात आणतात. तिथल्या तरुण एमबीबीएस डॉक्टरने त्याचं ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि मग नळी कलती करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलेलं आहे. प्रतिविष सुरू करायचं. यंत्र लागत नाही, पण हे त्याच्या हाताखालून गेलेलं असावं लागतं.

ते जातं का? २०१९ पासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला तो याचसाठी. एखादी गोष्ट विद्यार्थ्याला नुसती माहीत आहे, कशी करायची ते सांगता येतं, करून दाखवता येते, की तो ती स्वतः करतो, अशा चार पायऱ्या त्यात आखलेल्या आहेत. प्रत्येक कौशल्याची नोंद लॉगबुकात होते आणि शिक्षकांची सही घ्यावी लागते.

पदवी साडेचार वर्षांची, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. दुसऱ्या वर्षापासून सकाळ वॉर्डात जाते. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, तीही पुरेशी नाही. कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांत ठरावीक गुण मिळाले तरच विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येतं. पहिलं वर्ष सुटल्याशिवाय दुसऱ्यात बढती नाही. त्या वर्षासाठी चार संधी, आणि सगळा अभ्यासक्रम संपवायला जास्तीत जास्त नऊ वर्षं.

महाराष्ट्रात ही परीक्षा १९९८ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. मला त्यातली सर्वांत खरी वाटते ती लाँग केस. अनोळखी रुग्णाशेजारी बसून त्याची सगळी हकीकत काढायची, तपासायचं, निदान मांडायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकापुढे त्याची बाजू लढवायची. पाठांतर इथे फार वेळ तग धरत नाही. लॉगबुकाचं मात्र तसं नाही. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एका वर्षाला २५० जागा आहेत. एवढ्या मुलांचा हात एकेक करून पाहायला शिक्षक आणि वेळ कुठून आणायचा? मग सही हीच क्षमता ठरण्याचा धोका राहतो. ही त्रुटी मला सर्वांत गंभीर वाटते.

वैद्यकीय शिक्षण गावाकडे नेण्याचा प्रयत्न जुना आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. तिथे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांना तिथली कुटुंबं वाटून दिली जातात. अलीकडे ही पद्धत देशभरच्या अभ्यासक्रमात आली आहे. शिरूर तालुक्यालाही असा वारसा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू बुद्रुक परिसरात गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांपैकी १२ समाजवैद्यकाचे असतात. पदव्युत्तर प्रवेशाच्या धास्तीने अनेक इंटर्न हा काळ पुस्तकात डोकं खुपसून काढतात. त्या मुलांना दोष देऊन काय होणार? पुढचा प्रवेश बहुपर्यायी प्रश्नांच्या गुणांवर ठरतो, बारा आठवड्यांत त्यांनी किती रुग्ण सांभाळले यावर नाही. तरीही काम असमाधानकारक असेल तर ती पोस्टिंग पुन्हा करायला लावण्याची तरतूद नियमांत आहेच. ग्रामीण केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती न कचरता वापरावी, आणि महाविद्यालयांनी त्यांच्या शेऱ्याला परीक्षकाच्या गुणांइतका मान द्यावा.