लांबची वाट, थोडा वेळ

दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या शहरी जावयाचे, तर वाट कोणती? भिंतीवरचा नकाशा पाहणारा आपले बोट पश्चिमेकडे नेईल. आधी युरोप, मग अटलांटिक महासागर आणि पलीकडे अमेरिका. एअर इंडियाची विमाने प्रथम याच बाजूने जात. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. परंतु ऑक्टोबर २०१६ मध्ये एका विमानाने पूर्वेकडे तोंड वळविले. पॅसिफिक महासागर ओलांडून, सुमारे १५,३०० किलोमीटरांचे अंतर काटून, ते साडेचौदा तासांत सॅन फ्रान्सिस्कोस उतरले. वाट चौदाशे किलोमीटरांनी लांब आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी!

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून असे होते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. पृथ्वीभोवतीची हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि विमान त्या हवेतूनच जाते. खरे कारण वाऱ्यात आहे.

जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रबळ झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी २०० किलोमीटरांच्याही वर जातो. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत आकाशात फुगे सोडून हे वारे मोजले. सर्व जगास कळावे म्हणून त्यांनी आपला शोध एस्पेरांतो या नव्या रचलेल्या भाषेत प्रसिद्ध केला. पण ती भाषा जाणणारेच थोडे! पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जपानवर आलेल्या अमेरिकन विमानांना याच वाऱ्यांनी हैराण केले.

नदीच्या ओघाबरोबर जाणारी नाव आणि ओघाविरुद्ध जाणारी नाव यांत जो भेद, तोच येथे आहे. हिशेबासाठी असे धरावे, की विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे व वाऱ्याचा १००. वारा समोरून आला तर विमान तासाला ८०० किलोमीटरच पुढे सरकेल आणि १३,९०० किलोमीटरांस सतरा तासांहून अधिक वेळ लागेल. तोच वारा पाठीशी असला तर वेग हजारावर जाईल आणि १५,३०० किलोमीटर सव्वापंधरा तासांत संपतील. हा लाभ केवळ वेळेचा नाही. अधिक वेळ उडावयाचे तर अधिक इंधन हवे, आणि इंधनाचा भार वाढला की उतारू व सामान यांना कात्री लागते.

मग सर्वांत जवळची वाट कोणती? पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो पूर्वेसही जात नाही, पश्चिमेसही नाही. तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो आणि अंतर भरते अवघे १२,४०० किलोमीटर. पण त्या वाटेवर हिमालय व तिबेटचे उंच पठार आहे. विमानातील हवेचा दाब घटला तर त्वरित खाली यावे लागते. तेथे खाली येण्यास जागाच नाही. शिवाय ध्रुवाजवळ उतरण्याजोगे विमानतळ विरळ. तरीही जानेवारी २०२१ मध्ये कप्तान झोया अग्रवाल व त्यांच्या सहकारी स्त्री-वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून विमान बंगळूरला आणले.

पूर्वेच्या वाटेची आणखी एक गंमत आहे. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते. रविवारी पहाटे चार वाजता दिल्ली सोडून साडेचौदा तास उडालेला उतारू तेथे पोहोचतो, तो रविवारीच सकाळी सहा वाजता. परतताना तो अटलांटिकवरून पूर्वेकडेच निघाला, तर वारा पुन्हा पाठीशी असतो आणि मागे न वळताच, पृथ्वीला वळसा घालून, तो घरी येतो.