विश्लेषण : टोमॅटो मऊ का पडतो? पेक्टिनचे काम काय?

तोडणीला टणक असलेला टोमॅटो काही दिवसांत क्रेटच्या तळाशी चेचला जातो. दोष उन्हाला आणि खड्ड्यांना दिला जातो. पण खरा बदल पेशींच्या भिंतीत, पेक्टिनमध्ये झालेला असतो.

पेक्टिन म्हणजे काय?

जॅम-जेली घट्ट करणारा हाच तो पदार्थ. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये त्याचे वर्णन केले. वनस्पतीच्या पेशीभोवतीच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे सळईसारखे असतात, तर पेक्टिन त्यांच्यामधल्या ओल्या गिलाव्यासारखे. शेजारच्या दोन पेशींना चिकटवणारा थरही मुख्यतः पेक्टिनचाच.

वाढीशी त्याचा संबंध काय?

पेशीच्या आत पाण्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही बरेचदा जास्त असतो. भिंत सैल झाल्याशिवाय पेशी वाढत नाही आणि फारच सैल झाली तर फुटते. पेक्टिन भिंतीत येते तेव्हा त्यावर मिथाइल गट असतात, म्हणून ते मऊ असते. एक विकर हे गट काढून टाकते. मग मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शियम येऊन शेजारच्या साखळ्यांना जखडते आणि भिंत कडक होते. परागनलिका हे याचे नेटके उदाहरण. तिचे टोक मऊ आणि बाजू कडक, त्यामुळे ती फुगत नाही, पुढेच सरकते. मात्र हे गणित सगळीकडे सारखे नाही. खोडाच्या शेंड्यावर नवा अवयव फुटतो, तिथे हेच गट निघाल्यावर भिंत उलट मऊ होते!

फळ पिकताना काय होते?

तेव्हा विकरे पेक्टिनच्या साखळ्याच कापू लागतात आणि पेशी एकमेकींपासून सुटतात. अमेरिकेत १९९४ मध्ये बाजारात आलेल्या ‘फ्लेव्हर सेव्हर’ या जनुकीय टोमॅटोत असे एक विकर, पॉलिगॅलॅक्टुरोनेज, दाबले होते. पण फळाचा टणकपणा अपेक्षेइतका टिकला नाही आणि काही वर्षांतच तो बाजारातून गेला. २०१६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पेक्टेट लायेज हे दुसरे विकर दाबले, तेव्हा टोमॅटो जास्त काळ टणक राहिला आणि रंगही बिघडला नाही.

पेठा करणाऱ्यांकडे मात्र कापलेल्या फोडींसाठी जुना उपाय आहे. कोहळ्याच्या फोडी ते चुन्याच्या निवळीत भिजत घालतात. चुन्यातले कॅल्शियम पेक्टिनला बांधते आणि पाकात उकळूनही फोड मोडत नाही.