बेपत्ता अर्ल, जिवंत पदवी

३ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने एका माणसाला मृत ठरविले. हा माणूस ४१ वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. त्याच्या मृत्यूचा दाखला मिळाला आणि त्याचा मुलगा जॉर्ज बिंगहॅम आठवा अर्ल ऑफ ल्यूकन झाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी चवीने छापली. पण ही पदवी आली कुठून आणि ती कोणाच्या जिवावर पोसली गेली, याची चौकशी किती जणांनी केली?

पदवी आयर्लंडची, १७९५ सालची. बिंगहॅम घराण्याची जमीन मेयो परगण्यात, कॅसलबार गावाच्या आसपास. कसणारे आयरिश कॅथलिक कुळवाडी, खाणारे प्रॉटेस्टंट जमीनदार. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे मेली, तेव्हा तिसरा अर्ल काय करीत होता? तो कुळांची घरे पाडून, माणसे हुसकावून शेते मोकळी करीत होता. उपाशी माणसापेक्षा मोठे सलग शेत त्याला किफायतशीर वाटत होते. लोकांनी त्याचे नाव ‘निर्दाळणारा’ ठेवले. हाच गृहस्थ १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लावाच्या रणांगणावर घोडदळाचा सेनापती होता. तिथे हलक्या घोडदळाची तुकडी तोफांच्या तोंडी गेली. पुढे १८८७ मध्ये सरकारने त्याला फील्डमार्शल केले. ज्याने माणसे उठविली त्याला मान, जी माणसे उठली त्यांची नावेही कुठे नाहीत!

पण मेयोचे लोक गप्प बसले नाहीत. कॅसलबारमध्ये ‘मॉल’ नावाचे मैदान आहे; ती एकेकाळी या लॉर्डांची क्रिकेटची जागा. त्याच मैदानाच्या कडेच्या हॉटेलात २१ ऑक्टोबर १८७९ रोजी आयरिश लँड लीगची स्थापना झाली. तिचा प्राण मायकेल डॅव्हिट. चार वर्षांचा असताना जमीनदाराने त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले होते, आणि अकराव्या वर्षी इंग्लंडच्या कापडगिरणीत त्याने उजवा हात गमावला. पुढच्याच वर्षी मेयोतच लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले. कोणी पीक कापीना, दुकानदार माल देईना. जगाला एक नवा शब्द मिळाला.

हा शब्द आपल्या परिचयाचा आहे, पण उलट्या बाजूने. मेयोत कुळांनी जमीनदाराच्या माणसाला वाळीत टाकले. आपल्या खेड्यांत जमीनवाल्यांनी अस्पृश्यांना वाळीत टाकले. म्हणूनच १९३० मध्ये गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे मागितले आणि त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील कायद्याचा आधार घेतला. हत्यार एकच, ते कोणाच्या हातात आहे, सारा प्रश्न तेवढाच.

आता पुन्हा पदवीकडे. ७ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री सातव्या अर्लच्या लंडनमधील घराच्या तळघरात सँड्रा रिव्हेट या मुले सांभाळणाऱ्या २९ वर्षांच्या बाईंचा खून झाला. अर्लच्या पत्नीवरही हल्ला झाला. अर्ल त्या रात्रीपासून बेपत्ता. त्याने वापरलेली गाडी न्यूहेवन बंदरात सापडली. १९७५ मध्ये मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीने खुनी म्हणून त्याचेच नाव घेतले. (असे नाव घेण्याचा ज्यूरीचा अधिकारच १९७७ मध्ये काढून घेण्यात आला. योगायोग म्हणायचा की काय, ते वाचकांनी ठरवावे.)

मालमत्तेच्या कामापुरते त्याला १९९९ मध्ये मृत मानले गेले, पण पदवीसाठी तेवढे पुरले नाही. मुलाने लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा हक्क मागितला तो त्याच वर्षी नाकारला गेला. पुढे सात वर्षे बेपत्ता असलेल्यास मृत मानण्याचा २०१३ चा कायदा आला आणि वाट मोकळी झाली. रिव्हेट यांच्या मुलाने आधी हरकत घेतली, मग मागे घेतली. आणि आणखी एक गोष्ट: सातव्या अर्लचे थोरले अपत्य मुलगी आहे, जॉर्जपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला पदवी नाही, कारण पदवी पुरुषाच्या वंशानेच चालते. जन्माने श्रेष्ठत्व देणारी व्यवस्था बाईपाशी येऊन थांबते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाने राज्याला सरदारकीच्या पदव्या देण्यास मनाई केली. ज्या संविधानाकडून आपण मार्गदर्शक तत्त्वांचा नमुना घेतला तेच हे. आपल्या अनुच्छेद १८ नेही लष्करी व विद्याविषयक सन्मान सोडून राज्याला पदव्या देण्यास बंदी केली. पण आयर्लंडच्या मातीतली जुनी पदवी लंडनच्या कायद्याने चालत राहिली आणि तिथल्याच न्यायालयातून नव्या मालकाकडे गेली. सँड्रा रिव्हेट यांच्या खुनासाठी मात्र आजवर एकाही माणसाला शिक्षा झालेली नाही.