शिक्षणांत कल्पनाशक्तीचें स्थान

चित्रकला, गायन, नाट्य यांना शाळेच्या वेळापत्रकांत जागा मिळते ती बहुधा शेवटच्या तासाला. गणित संपलें, भूगोल संपला, मुलें दमलीं, म्हणजे मग रंगपेटी उघडावयाची! कला म्हणजे करमणूक, हा समज या व्यवस्थेच्या मुळाशीं आहे. या समजाला अमेरिकेंतील शिक्षणतत्त्वज्ञ मॅक्सिन ग्रीन यांनीं जन्मभर विरोध केला. १९१७ सालीं जन्मलेल्या या विदुषीनें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयांत अनेक वर्षें अध्यापन केलें. 'रिलीझिंग द इमॅजिनेशन' हा त्यांचा ग्रंथ १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. २०१४ सालीं त्या निवर्तल्या.

ग्रीन यांच्या मतें कल्पना म्हणजे हवेंत मनोरे बांधणें नव्हे. समोर जें आहे तें याहून निराळें असूं शकतें, असें पाहण्याची जी मनाची शक्ति, ती कल्पना. तिच्याच बळावर माणूस दुसऱ्याच्या जागीं उभा राहून त्याचें सुखदुःख जाणतो. संवयीनें मन झोंपीं जातें. कला त्याला जागें करते. मात्र नुसतें चित्र समोर टांगल्यानें किंवा गाणें कानांवर पडल्यानें हें कार्य होत नाहीं. विद्यार्थ्यानें स्वतः रंग कालवून पाहिले, स्वतः सोंग घेऊन पाहिलें, म्हणजे दुसऱ्याच्या कलेंतील मर्म त्याला उमगूं लागतें.

शाळेकडे पाहण्याच्या दोन रीति त्यांनीं सांगितल्या आहेत. लांबून पाहिलें कीं दिसतात ते आंकडे: पटसंख्या, हजेरी, परीक्षेचे निकाल. जवळून पाहिलें कीं एकेक मूल दिसतें. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. घरीं गोंडी किंवा माडिया बोलणारें मूल मराठी शाळेंत येतें आणि गप्प बसतें. तक्त्यांत त्याची नोंद 'कच्चा विद्यार्थी' अशी होते. परंतु तेंच मूल पहांटे मोहाचीं फुलें वेंचून आलेलें असतें. कोणतें झाड केव्हां फुलतें, कोणतें पाखरूं कसें ओरडतें, हें त्याला ठाऊक असतें. ज्ञान आहे, तें सांगावयास शाळेची भाषा नाहीं. अशा वेळीं खडूनें काढलेलें चित्र किंवा केलेली नक्कल हीच त्याची पहिली वाणी ठरते. भाषेची ही अडचण ओळखूनच धानोरा तालुक्यांतील मोहगांव येथें ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची शाळा काढली.

समजा, पाठ समुद्राचा आहे. 'खाऱ्या पाण्याचा विशाल सांठा' ही व्याख्या पाठ होईल, पण डोळ्यांपुढें कांहींच येणार नाहीं. कल्पक शिक्षक वैनगंगेच्या पुरापासून आरंभ करील. पूर आलेली नदी मुलांनीं दोन्ही कांठांसह रेखाटावी; मग पलीकडचा कांठ पुसून टाकावयास सांगावें आणि विचारावें, "हें पाणी कधींच ओसरलें नाहीं, तर?" ज्ञाताकडून अज्ञाताकडे नेणारा पूल कल्पनेचाच असतो.

या प्रदेशाला कला बाहेरून आणावी लागत नाहीं. झाडीपट्टींत भाताचें पीक हातीं आलें कीं दंडार आणि नाटकें यांना ऊत येतो. वडसा हें नाटकमंडळ्यांचें प्रमुख केंद्र. दिवसा शेतांत राबणारीं माणसें रात्रीं तोंडाला रंग लावतात आणि पंचक्रोशी पहांटेपर्यंत बसून राहते. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. रात्रभर नाटक पाहिलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशीं शाळेंत "राजा असा कां वागला?" एवढेंच विचारलें, तरी तें बोलूं लागेल. उलट, पाहुण्यांपुढें पिसें लावून त्याला नाचविणें म्हणजे कलाशिक्षण नव्हे. तेथें मूल स्वतः कांहीं पाहत नाहीं, इतरांनीं पाहावयाची तें एक वस्तु होऊन बसतें.

गणित आणि व्याकरण यांची जागा कलेनें घ्यावी, असा याचा अर्थ नाहीं. पाढे पाठ करावेच लागतात. शहरांतील सुशिक्षित घरांनाही हा विचार तितकाच लागू आहे. तेथील मुलाला समुद्र ठाऊक असेल, मोहाखालची पहांट ठाऊक नाहीं. ती पहांट त्याला मनांत उभी करतां आली, तर गडचिरोली हा नकाशावरील केवळ हिरवा डाग राहणार नाहीं. आपल्याच वयाचें कोणी तेथें टोपली घेऊन निघालें आहे, हें त्याला दिसेल. एवढें दिसणें हेंही शिक्षणच.