घेवड्याचं आंतरपीक: नत्राची भाबडी आशा

सातारा जिल्ह्यात, विशेषतः कोरेगाव तालुक्यात, खरिपात पावसाच्या पाण्यावर घेवडा पिकतो. दाण्यावर पट्टे असलेल्या इथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हा राजम्याच्याच जातीचा. तो आंतरपीक म्हणून घ्यायचा विचार निघाला, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "घेवडा द्विदल आहे, शेजारच्या पिकाचा खताचा खर्च वाचेल."

नेमकी इथेच फसगत होते. द्विदल असूनही राजमा-घेवडा हवेतलं नत्र स्थिर करण्यात कच्चा आहे. आपल्याकडच्या जमिनीत त्याच्या मुळांवर गाठी फार कमी धरतात. म्हणूनच हरभऱ्याला किंवा तुरीला हेक्टरी २०-२५ किलो नत्र पुरतं, तर रब्बीतल्या सलग राजम्याला १०० ते १२० किलोंची शिफारस केली जाते. स्वतःच हात पसरणारं पीक शेजाऱ्याला काय देणार? खात्री करायची असेल, तर फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मातीच्या ढेकळासकट अलगद काढा, मुळं पाण्यात धुवा आणि गाठी नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ काम करते आहे. पांढरट किंवा हिरवट दिसली, तर तिच्या भरवशावर खत तोडू नका. चांगल्या गाठी धरणाऱ्या पिकांचंही बरंचसं नत्र मुळं-पाला कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळतं, त्याच हंगामातल्या शेजाऱ्याला फार थोडं.

मग आंतरपीक घ्यायचं कशाला? वेळेसाठी. झुडपी घेवडा साधारण ७०-८० दिवसांत निघतो. मध्यम मुदतीची तूर साडेपाच-सहा महिने घेते आणि पहिले दोन महिने तर ती रेंगाळतच वाढते. तूर पसरेपर्यंत घेवडा खळ्यावर आलेला असतो. त्याची मुळं वरच्या थरात, तुरीची खोल. फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली की घेवड्याची फुलं गळतात, पण पुढच्या पावसावर तूर सावरू शकते. कोरडवाहू शेतकऱ्याला हा आधार मोलाचा आहे.

"मक्यासोबत तर सगळीकडेच घेतात," हेही ऐकू येतं. हिमालयात मक्याच्या ताटावर राजमा चढवतात हे खरं, पण ते वेलवर्गीय वाण असतात. आपला झुडपी घेवडा दाट मक्याच्या सावलीत शेंगा कमी धरतो. शिवाय मक्यात सर्रास वापरलं जाणारं अॅट्राझिन हे तणनाशक घेवड्याला मारक आहे. असं आंतरपीक असेल तर ते फवारूच नका, कोळपणी-खुरपणीवर भागवा.

बी एकत्र मिसळून फेकलं म्हणजेही आंतरपीक झालं असं नाही. ते मिश्रपीक. ओळी वेगळ्या ठेवल्या तरच कोळपं चालतं, घेवड्याला त्याचं खत देता येतं आणि तुरीला धक्का न लावता तो उपटता येतो.

आणि कोरडवाहू म्हटलं की पाणी साचण्याची फिकीर सोडायची, असंही नाही. घेवड्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, मुळं सडतात. भारी, चिबड रानात हे आंतरपीक घेऊच नये. निचऱ्याच्या मध्यम जमिनीत, वाफशावर, तुरीच्या ओळींमध्ये घ्या आणि घेवड्याच्या ओळींना त्यांच्या वाट्याचं नत्र द्या.