हर्पीस : फोड नसतानाही पसरणारा

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमध्ये कुणाच्या बरगडीवर एका बाजूने पट्ट्यासारखे फोड उठले, की शेजारी लगेच 'नागीण झाली' म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र 'हर्पीस' असते. घरातला मुलगा तो शब्द मोबाईलवर शोधतो, 'लैंगिक आजार' असे वाचतो आणि गप्प होतो. साठीतल्या आजोबांवर उगाच संशय! नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात दडून राहतो आणि पुढे कधीतरी डोके वर काढतो. लैंगिक संबंधाशी त्याचे काही देणेघेणे नाही.

लैंगिक संबंधातून पसरतो तो हर्पीस सिम्प्लेक्स. त्याचा पहिला प्रकार बहुधा ओठाच्या कडेला फोड आणतो आणि अनेकांना बालपणीच लाळेतून, घरच्यांच्या पाप्यांतून मिळालेला असतो. मुखमैथुनातून तो जननेंद्रियावरही येतो. दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना त्याची लागण आहे. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही.

घरे मोडतात ती इथेच. नवरा कामासाठी नागपूर-हैदराबादला राहून परततो, बायकोला फोड येतात आणि भांडण पेटते. पण हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. आज दिसलेला पहिला फोड लग्नाआधीच्या लागणीचाही असू शकतो, आणि ती लागण दोघांपैकी कुणाचीही असू शकते. फोडावरून तारीख काढता येत नाही. आरोप करण्याआधी हे दोघांनीही ऐकलेले बरे.

दुसरी अडचण अशी, की फोड नसतानाही विषाणू त्वचेवर अधूनमधून येतो आणि जोडीदाराला लागतो. फोड, जखम किंवा त्याआधीची आग, मुंग्या जाणवत असताना संबंध टाळायलाच हवा; त्या काळात धोका सर्वांत जास्त. पण तेवढ्याने भागत नाही. एरवीही दर वेळी निरोध वापरल्यास धोका बराच घटतो. पूर्ण जात नाही, कारण निरोध झाकत नाही त्या त्वचेतूनही विषाणू जातो. वारंवार फोड येणाऱ्यांना डॉक्टर रोजची गोळी सुचवतात. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरमुळे जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्यावर आली होती. संडासाचे भांडे, अंथरूण, पोहण्याचे तळे यांतून मात्र हा आजार पसरत नाही.

सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये यावर लाल रंगाचे औषधाचे पाकीट मोफत मिळते. त्यात असायक्लोव्हिर असते. पहिल्या वेळी ते साधारण सात दिवस घ्यायचे. विषाणू त्याने मरत नाही, पण जखम लवकर भरते. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्यावी. दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो.

गरोदर बाईने आपल्याला किंवा नवऱ्याला असे फोड येतात हे नोंदणीच्या वेळीच सांगावे. जुना आजार असेल तर बाळाला धोका फारच कमी असतो. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर तो मोठा, म्हणून नवऱ्याला हर्पीस आणि बायकोला नाही अशा जोडप्याने त्या काळात मुखमैथुनासह सर्व संबंध टाळावेत. कळा सुरू झाल्यावर फोड दिसले तर डॉक्टर सिझेरियनचा निर्णय घेतात.